पाण्यात उतरायची तुमान

२ सप्टेंबर, रविवार

आज सासऱ्यांनी स्वतःहून बोलावलं. जेवून हात पुसता पुसता म्हणाले की जावईबापू, यंदा माझ्याबरोबर नदीवर मासे धरायला चला, मी उभा राहतो ती जागा दाखवतो. मला आधी वाटलं दुसऱ्या कुणाशी बोलतायत. मागे वळून पाहिलं. मागे फ्रीज होता.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी मला कधी गाडीचं टायर बदलायलासुद्धा हाक मारली नाही. पंखा लावताना मी आधी माहितीपत्रक वाचतो, हे त्यांनी एकदा पाहिलं आणि तेव्हापासून माझ्याबद्दल मत करून टाकलं. आणि मासे धरणारा माणूस एक वेळ कपाटाची किल्ली देईल, पण नदीतली आपली जागा सांगणार नाही. ही त्यांची एकुलती एक मुलगी, तिलाही ती माहीत नाही. मला सांगणार!

भांडी आवरताना ही म्हणाली की बाबांचे गुडघे गेलेत, डॉक्टरांनी एकट्याने पाण्यात उतरायचं नाही म्हणून बजावलंय, त्यांना सोबत हवी असेल. असेल. पण सोबतीला निवडलं कोणाला?

अडचण एकच. पाणी भयंकर गार. त्यात उभं राहायचं तर छातीपर्यंत येणारी, खाली बूट जोडलेली वॉटरप्रूफ तुमान लागते. दुकानात तिला वेडर म्हणतात. माझ्याकडे नाही. ऑक्टोबर संपला की मासेमारी मार्चपर्यंत बंद, म्हणजे हाताशी वेळ भरपूर.

संकल्प: शनिवारपर्यंत खरेदी. रविवारी नदी.

३ सप्टेंबर, सोमवार. ऑफिस, जेवणाची सुट्टी

आमच्या कारखान्यात हॉस्पिटलच्या ट्रॉल्यांची चाकं बनतात आणि त्यांचं एकेक बेअरिंग माझ्या सहीनं येतं. खरेदी हा माझा प्रांत आहे. ज्याला वस्तू घेता येते त्याला काहीही घेता येतं, मग ते बेअरिंग असो की तुमान. तीन कोटेशन, एक तक्ता, एक निर्णय.

तक्ता केला. किंमत, कापड, शिवण, तळवा, वजन, हमी वगैरे. स्टोअरकीपरने डोकावून विचारलं की कुठली मशिनरी घेताय. तुमान म्हटल्यावर तो आल्या पावली स्टोअरमध्ये परत गेला.

५ सप्टेंबर, बुधवार

दुकानात गेलो. तीन प्रकार आहेत. स्वस्तातली प्लास्टिकची, जाड आणि घाम आणणारी. मधली रबरी, उबदार. महागडी म्हणजे घाम बाहेर जातो पण पाणी आत येत नाही अशा कापडाची. तिची किंमत स्वस्तातलीच्या पाचपट! पाचपट किंमत असेल तर ती पाचपट कोरडी ठेवते का, असं विचारलं. दुकानदार म्हणाला की साहेब, माणूस कोरडा असतो नाहीतर ओला असतो. हे उत्तर झालं?

वर त्यानेच मला प्रश्न विचारले. पाणी किती खोल, वर्षातून किती वेळा जाणार. म्हटलं ते तुम्हाला काय करायचंय, तुम्ही भाव सांगा. त्याने मधली दाखवली आणि म्हणाला, तुमच्या कामाला ही बास.

म्हणजे मधलीचा माल पडून आहे. इतकी वर्षं खरेदीत काढली, एवढं कळतं. मधली बाद.

८ सप्टेंबर, शनिवार

खरेदी नाही. घाईत घेणं म्हणजे फसणं. सासऱ्यांना फोन करून उद्याचं पुढच्या रविवारवर ढकललं. ते म्हणाले, हरकत नाही. आवाजावरून हरकत नव्हती असं वाटलं.

१३ सप्टेंबर, गुरुवार

चार दिवस इंटरनेटवर लोकांचे अभिप्राय वाचतोय. डोळे चुरचुरतात. महागड्या वेडरबद्दल एक जण लिहितो की दहा वर्षं वापरतोय, थेंब नाही. त्याच्याच खाली दुसरा लिहितो की पहिल्याच दिवशी गळाली. तिसऱ्याला वेडर आवडली पण पोस्टमन आवडला नाही, म्हणून त्याने एकच तारा दिलाय. अशा लोकांच्या जिवावर माणसाने निर्णय घ्यायचा!

ही म्हणाली, बाबांची वेडर ठिगळांची आहे, तरी त्यात त्यांचं आयुष्य गेलं. तिला खरेदीतलं काही कळत नाही.

१५ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळ

घेतली! स्वस्तातली.

विचार साधा आहे. महागडी गळू शकते, स्वस्तातलीही गळू शकते. गळायचंच असेल तर स्वस्तात गळावं. एवढं सरळ गणित लोकांना का दिसत नाही, देव जाणे. दुकानदाराने मान खाली घालून पावती फाडली. हरलेला माणूस दुसरं काय करणार.

उद्या नदी. सासरे सकाळी सातला तयार राहणार आहेत.

१६ सप्टेंबर, रविवार

कुठलाही माल तपासल्याशिवाय वापरात आणायचा नाही, हा कारखान्याचा नियम. म्हणून निघण्याआधी बाथटब काठोकाठ भरला आणि वेडर घालून आत बसलो.

डावा पाय उत्तम. उजव्या पायाची शिवण कुठूनतरी उसवलेली. पाणी आत यायला लागलं, पण बाहेर जायला वाट नाही. पाय पिंपासारखा फुगला. उठता येईना. हिला हाक मारली. ती आली, दारात उभी राहिली आणि हसत सुटली. मग तिने बाह्या सरसावून मला ओढलं. मी टबच्या काठावरून पालथा झालो आणि उजव्या पायातलं सगळं पाणी गळ्यापाशी येऊन बाहेर. पॅसेजमध्ये तळं. खालच्या मजल्यावरच्या बाई छत गळतंय म्हणून वर आल्या. त्यांनी मला त्या अवस्थेत पाहिलं आणि नंतर येते म्हणाल्या.

सासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, तेवढ्यापुरतं ठिगळ मारा आणि या, मी घरातलं सोल्युशन घेऊन ठेवतो, सुकेपर्यंत कॉफी पिऊ. म्हटलं बाबा, प्रश्न ठिगळाचा नाही, तत्त्वाचा आहे. नवीन मालाला ठिगळ मारलं की विक्रेता सुटला. ते म्हणाले, बरं.

हिला नंतर कळलं की ते पावणेसातपासून बूट घालून दाराशी बसले होते. हे तिने मला तीनदा सांगितलं.

१७ सप्टेंबर, सोमवार

दुकानदाराने माल परत घ्यायला नकार दिला. बोट वर केलं. भिंतीवर पाटी: ओला माल परत घेतला जाणार नाही. म्हटलं, पाण्यात घालायची वस्तू ओली न करता खराब आहे हे कळणार कसं? तो म्हणाला, कोरडी असेल, लेबल जागेवर असेल, तर महिनाभरात डोळे झाकून परत घेतो, ओल्याचं तेवढं बोलू नका.

अर्धा तास भांडलो. मागे रांग लागली. रांगेतल्या एकाने मला पुढे व्हायला सांगितलं, तेही नीट शब्दांत नाही.

डोकं भणभणलंय. पण अनुभव आला. इथून पुढे एकही वस्तू ओली करायची नाही, खात्री पटल्याशिवाय.

२० सप्टेंबर, गुरुवार

स्टोअरकीपर म्हणाला की त्याच्या भावाची वेडर पडून आहे, माझ्याच मापाची, वाटेल तेव्हा घेऊन जा. आभार मानले, नको म्हटलं. फुकट वस्तूची तुलना कशाशी करणार? तक्त्यात बसतच नाही.

शिवाय पहिल्यांदाच सासऱ्यांच्या शेजारी उभं राहायचं आणि तेही कुणाच्या तरी भावाच्या तुमानीत? शोभत नाही.

३० सप्टेंबर, रविवार

दोन रविवार मुद्दाम सोडले. ऑक्टोबरच्या मध्याला हंगाम संपत येतो म्हणून दुकानात सेल लागतो, ही आतली बातमी. महागडी वेडर तेव्हा मधलीच्या भावात पडेल. थांबणं हीसुद्धा खरेदीच आहे. फारच थोड्यांना जमते.

हिला हे समजावून सांगितलं. ही म्हणाली, बाबांच्या गुडघ्यांचा सेल लागणार आहे का? आणि दार आपटून गेली. रात्रीचं जेवण मी एकट्याने घेतलं. तिचा मुद्दा काय होता ते नीट कळलं नाही.

७ ऑक्टोबर, रविवार

सासरे आज एकटेच बसने नदीपर्यंत गेले. पाण्यात उतरले नाहीत. काठावर बसून परत आले. हिला फोनवर म्हणाले की नुसतं बघायला गेलो होतो.

ऑपरेशनची तारीख ठरली आहे, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. दोन्ही गुडघे. त्यानंतर गार पाणी कायमचं बंद, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. म्हणजे हा त्यांचा शेवटचा हंगाम.

हे मला कोणी आधी नीट सांगितलं नाही. ही म्हणते, तीनदा सांगितलं. एकूण वातावरण माझ्या विरोधात आहे. पण मी खचणारा नाही. सेल शनिवारी.

१३ ऑक्टोबर, शनिवार

सेल!

मधली संपली. सगळी. त्या दुकानदाराने माझ्या नाकावर टिच्चून विकली. स्वस्तातल्या आहेत, पण एक तर शाळेतल्या पोराच्या मापाच्या नाहीतर ज्यात मी, ही आणि सासरे तिघे मावू अशा. महागडी माझ्या मापाची एकच आहे, आणि तिला सेल लागू नाही. का? तर ती सेलशिवायही जाते म्हणे.

रागारागाने परत आलो. येताना पार्किंगचा दंड.

२० ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळ

आज बाजी मारली. आयुष्यातली सर्वांत हुशार खरेदी.

बाथरूममध्ये दाढी करताना डोक्यात प्रकाश पडला. कोरडी वस्तू, लेबल जागेवर, महिनाभरात पूर्ण पैसे परत! म्हणजे महागडी घेतली तरी मी घेतलेलीच नाही. पैसे अडकतच नाहीत. किंमत जास्त की दर्जा जास्त, हा प्रश्नच उरत नाही. तडक दुकानात जाऊन महागडी उचलली. दुकानदार हसला. मीही हसलो. दोघांची कारणं वेगळी होती.

घरी घालून पाहिली. काय कापड! अंगावर आहे हे कळतसुद्धा नाही. सोफ्यावर बसलो, उठलो, जिना चढलो. छातीवरच्या खिशात लेबल व्यवस्थित बसतं. हिने विचारलं, उद्या नक्की ना? नक्की म्हणजे नक्की.

२१ ऑक्टोबर, रविवार

वर डोंगरात पाऊस. नदी फुगली आहे, सासऱ्यांनीच सकाळी फोन करून नको म्हटलं. घ्या! एवढी तयारी करून निसर्गाने दगा दिला. माझ्या बाजूने कुठेही कमतरता नव्हती, हे इथे लिहून ठेवतो.

२७ ऑक्टोबर, शनिवार

नदी उतरली. उद्या हंगामातला शेवटचा रविवार. ही गाडी चालवणार, डबाही तीच घेणार. सासरे फोनवर लहान मुलासारखे बोलत होते. म्हणाले, एक दगड आहे, त्याच्या खालच्या अंगाला पाणी वळतं, तिथे उभं राहिलं की तुम्हीच म्हणाल. काय म्हणाल ते सांगितलं नाही.

उद्याचं धोरण: आधी काठावरून परिस्थितीची पाहणी. सगळं समाधानकारक वाटलं तरच वेडर ओली करायची.

२८ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळ

जे घडलं ते क्रमाने लिहितो.

नऊला पोचलो. ऊन होतं. सासऱ्यांनी आपली ठिगळांची वेडर चढवली, पट्टा आवळला, काठी टेकत पाण्यात गेले. गुडघा, मांडी, कंबर. नदीच्या मध्याला पोचून वळले आणि हात पुढे करून म्हणाले, या, इथून या, तळाला वाळू आहे, घसरत नाही.

मी नवी वेडर घालून काठावरच्या गोट्यांवर उभा होतो. पाणी बुटाच्या टोकापासून वीतभर लांब. म्हटलं आलोच, जरा अंदाज घेतो. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच होतं की आता पाय टाकला की ही वस्तू माझी झाली. पाचपट. कायमची. आणि तिसऱ्याच दिवशी गळाली तर?

ते वाट बघत होते. हात तसाच पुढे. मी म्हटलं, पाच मिनिटं, बाबा. त्यांनी हात खाली घेतला, एकदा गळ टाकला, परत वळून पाहिलं, परत हात पुढे केला. मी लेबल चाचपलं.

मग त्यांचा गुडघा गेला. पडले म्हणता येणार नाही, बसले. बसले ते छातीपर्यंत पाण्यात, आणि वेडरमध्ये पाणी शिरायला लागलं. टेकायची काठी हातातून सुटली.

ही डबा टाकून धावली. अंगात जीन्स, पायात कापडी बूट. माझ्या शेजारून पाणी उडवत गेली. मी काठावरून सूचना देत होतो. डावीकडून धर, डावीकडून! तिने उजवीकडून धरलं आणि उभं केलं.

मला वाटलं, आता दोघं परत येतील. मी टॉवेल उघडून तयार राहिलो. पण ते आलेच नाहीत. तिथेच उभे राहिले, ती त्यांच्या काखेत हात घालून, कंबरेपर्यंत पाण्यात कुडकुडत. त्यांनी तिला काहीतरी दाखवलं. दगडाकडे बोट, मग पाण्याकडे. ती वाकून बघत होती. मग त्यांनी गळाची काठी तिच्या हातात दिली आणि तिच्या मनगटाला धरून टाकायला शिकवली. दुसऱ्याच फेकीला मासा लागला. दोघं इतक्या जोरात हसली की पलीकडच्या काठावरचा माणूस वळून बघायला लागला. हसण्याचं कारण मला इथून ऐकू आलं नाही.

मासा त्यांनी सोडून दिला.

येताना गाडीत हीटर पूर्ण लावला होता. पुढे ती ओली, शेजारी ते ओले, मागे मी. माझ्या मापाच्या मानाने मागे जागा भरपूर होती. सासरे आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले की जावईबापू, माल चांगला आहे तुमचा, थेंब नाही आत. रागावून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

२९ ऑक्टोबर, सोमवार

काही खुलासे. एक, मी धावणारच होतो, पण ही आडवी आली. दोन, कोणीतरी काठावर थांबायलाच हवं होतं, फोन माझ्याकडे होता. तीन, माझ्या वेडरचा पट्टा मी नीट आवळला नव्हता, अशा स्थितीत उतरणं धोक्याचं असतं, माहितीपत्रकात चित्रासकट दिलंय.

हिला हे तिन्ही सांगितले. ती ऐकून घेत होती. भांडली नाही. मला भांडण चाललं असतं.

संकल्प: परवा, बुधवारी, ३१ तारीख. शेवटचा दिवस. रजा टाकली. परवा मी पाण्यात उतरणार, पार छातीपर्यंत. लेबल उद्या कापणार.

३० ऑक्टोबर, मंगळवार

सासऱ्यांना ताप. गुडघा सुजलाय. मी फोन केला तेव्हा म्हणाले, आता राहू द्या जावईबापू, तुम्ही हौसेनं रजा टाकलीत तेच खूप झालं. मी म्हटलं, आपण नुसते काठावर बसू. ते म्हणाले की काठावर काय आहे.

लेबल कापलं नाही.

६ नोव्हेंबर, मंगळवार. हॉस्पिटल

ऑपरेशन व्यवस्थित. सासऱ्यांना ज्या ट्रॉलीवरून आणलं तिची चाकं आमचीच होती, मी वाकून शिक्का बघितला. सांगावंसं वाटलं, पण ते गुंगीत होते आणि ही त्यांचा हात धरून बसली होती.

दुपारी त्यांना जाग आली. मी दाराशी येतो तर दोघांचं नदीबद्दलच चाललेलं. थंडी वाढली की मासा दगडाच्या कुठल्या अंगाला सरकतो वगैरे. मी आत गेलो तसे ते थांबले आणि सासऱ्यांनी मला विचारलं की कँटीनमधली कॉफी बरी आहे का.

१० नोव्हेंबर, शनिवार

वेडर परत केली. दुकानदाराने उलटी करून पाहिली, शिवणी पाहिल्या, तळवे पाहिले. म्हणाला, नदीवर गेलाच नाहीत का? म्हटलं, गेलो होतो. त्याने परत एकदा तळवे पाहिले आणि पूर्ण पैसे मोजून दिले. एकही पैसा कापला नाही. कुठे वाद घालायलाही जागा नाही.

ही बरोबर आली होती. तिने तोवर मधली वेडर घालून पाहिली. नवा माल आलाय. दोनदा उकिडवी बसली, दोनदा उठली, आणि बांधून द्या म्हणाली. भाव विचारला नाही. मी विचारायला लागलो तर म्हणाली, तू गाडीत जाऊन बस.

परत येताना मी म्हटलं, मार्चमध्ये नदी उघडली की आपण दोघं जाऊ, तू मला ती जागा दाखव. ती रस्त्याकडे बघत गाडी चालवत होती. म्हणाली की मी बाबांना विचारलं होतं, तुला सांगू का म्हणून. मी विचारलं, मग? ती म्हणाली, बाबा म्हणाले सांग की, पण सांगून कळायचं नाही, तिथे आपल्या शेजारी कोणीतरी उभं राहायला लागतं.

मार्चमध्ये माझ्या शेजारी ती उभी राहील, म्हणाली. चांगली आहे ती. पण बाबा नसणार तिथे. बाबा आता पाण्यात कधीच नसणार.

मला जागा नको होती. त्यांनी हात पुढे केला होता, तो धरायचा होता.